मूळ रंग एकदाच लागतो: जुन्या गाड्या आणि आपला रॉ डेटा



पेट झाली आहे, कोर्सवर्क चालू आहे आणि "आता लवकरात लवकर काहीतरी रिझल्ट दाखवायचाय" असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी आजची पोस्ट. विषय थोडा वेगळा आहे: जुन्या मोटारगाड्या. त्याही लग्नाच्या वरातीत दिसतात तशा चकाचक केलेल्या नव्हेत. ज्यांना कारखान्यातून बाहेर पडल्यावर फारसं कुणी हात लावलेला नाही, रंग विटलाय, सीटचं चामडं तडकलंय, क्रोमवर ठिपके पडलेत, अशा गाड्या. या गाड्यांना जगभरातले जाणकार एवढं का जपतात, हे मला कळलं ते माझ्याच एका चुकीमुळे. तिथूनच सुरुवात करते.

माझा पीएचडीचा विषय आहे लोखंडी पत्र्यावरचे संरक्षक लेप. सोप्या भाषेत, रंग आणि गंज. पहिल्या वर्षी सरांनी भंगार बाजारातून आणलेला एका जुन्या गाडीच्या दाराचा पत्रा माझ्या हातात दिला. दोन वीत लांब असेल. "बघ यात काय दिसतंय," एवढंच म्हणाले आणि मीटिंगला गेले. पत्रा कमालीचा मळका होता. मायक्रोस्कोपखाली ठेवायचा तर आधी स्वच्छ करायला हवा, असं मी ठरवून टाकलं. थिनरची बाटली घेतली, कापूस घेतला आणि पुसायला बसले. कापूस आधी काळा झाला, मग हिरवा, मग पिवळट. दहा मिनिटांत खालचा निळसर, घट्ट, गुळगुळीत थर वर आला. मी खूश. फोटो काढले, फाइलला तारीख घातली.

सर आले, पत्रा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "वरचा रंग कुठाय?"

"पुसला सर. फार घाण होती."

"त्या घाणीचा फोटो काढला होतास का?"

नव्हता काढला.

कापसावर काय गेलं?

आता यातलं रसायनशास्त्र बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गाड्यांचे जुने रंग वाळण्याच्या पद्धती ढोबळमानाने दोन. पहिल्या पद्धतीत रंगातलं द्रावक फक्त उडून जातं आणि पॉलिमर मागे राहतं. कोणतीही नवी रासायनिक साखळी तयार होत नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकर या प्रकारचं. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने १९२०च्या दशकात ते 'ड्यूको' या नावाने गाड्यांसाठी आणलं. त्याआधी गाडीचा रंग आणि वॉर्निश पूर्ण वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागायचे. ते काम काही तासांवर आलं. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला "ड्यूको मारून देतो" म्हणतात, ते नाव इथूनच आलं.

दुसऱ्या पद्धतीत रंग वाळताना रेणू एकमेकांना बांधले जातात, जाळं तयार होतं. भट्टीत भाजलेलं एनॅमल या प्रकारचं. हे जाळं एकदा झालं की साध्या थिनरने ते पुन्हा विरघळत नाही.

म्हणजे बघा, लॅकर पन्नास वर्षांनीही थिनर लावल्यावर सुटून येतं, भाजलेलं एनॅमल येत नाही. माझ्या कापसावर जो हिरवा आणि पिवळट रंग आला, ते नंतर गॅरेजमध्ये मारलेले लॅकरचे थर असणार. खाली जो घट्ट निळा थर राहिला, तो बहुधा कारखान्याचा. एका कोपऱ्यात कापसाचा एक बोळा टेकवला असता तरी हे कळलं असतं. मी मात्र अख्खा पत्रा पुसून काढला. थर किती होते, कुठला कुठल्यावर होता, प्रत्येकाची जाडी किती, हे सगळं कापसाबरोबर कचऱ्याच्या डब्यात गेलं.

आणि घाण? तीही माहितीच होती. रंगाचा छोटा तुकडा रेझिनमध्ये बसवून, त्याचा आडवा छेद घासून मायक्रोस्कोपखाली बघितला, की दोन थरांच्या मध्ये कधीकधी धुळीची बारीक काळी रेघ दिसते. अशी रेघ असली तर खालचा थर बराच काळ उघड्यावर होता, वरचा नंतर लागला. रेघ नसली तर दोन्ही थर बहुधा एकाच वेळी, एकाच कामात लागले. जुनी चित्रं आणि जुन्या वास्तू तपासणारे लोक हीच पद्धत वापरतात.

गाडी म्हणजे कागदपत्र

या प्रकरणानंतर मी जुन्या गाड्यांबद्दल वाचायला लागले. गाड्यांच्या जगात इंग्रजीत एक म्हण फार चालते, तिचा मथितार्थ असा की गाडी मूळ स्वरूपात फक्त एकदाच असते. रिस्टोरेशन दहा वेळा करता येतं. मूळ रंग एकदा खरवडला की जगातला सर्वात चांगला पेंटरही तो परत देऊ शकत नाही. तो फक्त त्याच छटेचा दुसरा रंग देऊ शकतो.

हात न लावलेल्या गाडीत काय काय सापडतं? आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे रंगाचे ओघळ. फवाऱ्याचा रंग चॅसिसवर कुठपर्यंत उडाला, त्याच्या कडा. तपासनिसाने खडूने किंवा मेणाच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा. बोल्टांवरचे मूळ शिक्के, काचांवरचे तारखेचे संकेत. यावरून कळतं की कामगाराने गाडी कोणत्या क्रमाने जोडली, कुठे घाई केली, कुठे काळजी घेतली. कंपनीच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं. माहितीपत्रक सांगतं गाडी कशी बनायला हवी होती, आणि न घासलेली गाडी सांगते ती कशी बनली.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. समजा एक गाडी रिस्टोअर करताना मालकाने कारखान्यात कधीच नव्हता इतका आरशासारखा चमकदार रंग मारला. दुसऱ्या मालकाने आपली गाडी करताना पहिली गाडी नमुना म्हणून घेतली. तिसऱ्याने दुसरी. थोड्या वर्षांत सगळ्यांना वाटायला लागतं की त्या काळी रंग असाच असायचा. ही चूक पकडायची कशाशी ताडून? कुणीच हात न लावलेल्या गाडीशी. तशी एकही उरली नसेल, तर चूक हेच सत्य होऊन बसतं.

ओळखीचं वाटतंय ना? मूळ पेपर न वाचता रिव्ह्यूमधला संदर्भ उचलायचा, मग त्या लेखातून तो आणखी कुणी उचलायचा. संदर्भसूची लांब दिसते, पण सगळे एकमेकांकडे बोट दाखवत असतात आणि मूळ पेपर कुणी उघडलेलाच नसतो. लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा ही गाड्यांची रांग आठवा.

परत न्यायचं, पण कोणत्या दिवसाकडे?

कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या गाड्यांची एक मोठी स्पर्धा भरते. वर्षानुवर्षं तिथला सर्वोच्च मान निर्दोष रिस्टोअर केलेल्या गाड्यांकडे जायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदाच तो जतन विभागातल्या, म्हणजे रिस्टोअर न केलेल्या गाडीला मिळाला. गाडी होती १९३४ ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स.

या गाडीचा इतिहास बघा. आधी ती ग्रां प्री शर्यतीची गाडी होती. नंतर बुगाटीनेच तिचं रूप बदलून स्पोर्ट्स गाडी केली. मग ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली आणि काळ्या रंगावर पिवळा पट्टा असं तिचं रूप झालं. आता समजा तुम्हाला ती 'मूळ स्थितीत' न्यायची आहे. कुठली मूळ स्थिती? शर्यतीतली? स्पोर्ट्स झाल्यावरची? राजाकडची? एक निवडली की बाकीच्या पुसाव्या लागणार. जशी आहे तशी ठेवली, तर सगळ्या एकाच पत्र्यावर राहतात.

म्हणून रिस्टोरेशन हे एक प्रकारचं अर्थ लावणं आहे असं मला वाटतं. अर्थ लावण्यात वाईट काही नाही, आपण संशोधनात तेच करतो. पण अर्थ लावताना पुरावाच खर्च झाला, तर उद्या वेगळा अर्थ लावणाऱ्याला काही उरत नाही. आपण ग्राफ 'स्मूद' करतो, आउटलायर काढतो, बेसलाइन सरळ करतो. हे सगळं चालतं, पण मूळ फाइल बाजूला सुरक्षित असेल तरच.

किंमत बघताना सावध

इथे एक मोह होतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायाँ संग्रहातल्या गाड्यांचा लिलाव झाला. पश्चिम फ्रान्समध्ये शेडांखाली कित्येक दशकं पडून राहिलेल्या या गाड्या. त्यातली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली होती. ती तशीच, धुळीसकट, सुमारे १ कोटी ६० लाख युरोंना विकली गेली. बातमी वाचून वाटतं, धुळीलाच एवढी किंमत!

थांबा. संशोधक म्हणून इथे काय विचारायला हवं? तशा फेरारी मुळातच मोजक्या बनल्या. या गाडीसोबत अलँ दलाँ या प्रसिद्ध अभिनेत्याचे फोटो होते. मग किंमत दुर्मीळपणाची, प्रसिद्धीची की न घासलेल्या रंगाची? तिन्ही गोष्टी एकत्र बदलल्या असतील, तर एकीलाच श्रेय देता येत नाही.

याहून बरी तुलना जानेवारी २०१४ मधली आहे. अमेरिकेत स्कॉट्सडेलच्या एकाच लिलावात मर्सिडीज ३०० एसएल गलविंग या मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. एक रिस्टोअर केलेली, दुसरी जशी सापडली तशी, मळकी. रिस्टोअर केलेली सुमारे १४ लाख डॉलरना गेली, मळकी सुमारे १९ लाखांना. एकच मॉडेल, एकच लिलाव. ही तुलना फेरारीच्या बातमीपेक्षा कितीतरी चांगली आहे. तरीही जोडी एकच आहे! दोन नमुन्यांवरून नियम काढायचा नाही. "असं दिसलं" आणि "असंच असतं" यातलं अंतर व्हायवामध्ये हमखास विचारलं जातं.

वाचलेल्या आणि न वाचलेल्या

आणखी एक सापळा आहे. हात न लावलेल्या गाड्या बघून कुणी म्हणेल, "जुने रंग किती टिकाऊ होते बघा! साठ वर्षांनीही जागेवर." पण आपल्याला दिसतात त्या फक्त टिकलेल्या गाड्या. ज्यांचा रंग पाच वर्षांत गेला, त्या पुन्हा रंगवल्या गेल्या किंवा भंगारात गेल्या. शिवाय टिकलेल्या बऱ्याचशा गाड्या कमी चालवलेल्या, बंद जागेत ठेवलेल्या असतात. ऊन नाही म्हणजे अतिनील किरण नाहीत, आणि किरण नाहीत म्हणजे रंगातलं पॉलिमर तुटून वर खडूसारखी भुकटी येण्याचा वेगही कमी. अशी गाडी कारखान्यातलं काम कसं होतं याचा उत्तम पुरावा आहे, पण रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा रंग किती टिकायचा याचा पुरावा नाही. पुरावा चांगला असला तरी तो कोणत्या प्रश्नाचा, हे वेगळं तपासावं लागतं.

मग हातच लावायचा नाही का?

लावायचा. गंज चालू असेल तर थांबवावाच लागतो, नाहीतर वीस वर्षांनी पुरावाही नाही आणि गाडीही नाही. रस्त्यावर आणायची असेल तर ब्रेकच्या नळ्या आणि टायर बदलावेच लागतात, तिथे भावुक होऊन चालत नाही.

ऐतिहासिक वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद तयार केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेवरून तिची कल्पना आली. तिचं सार असं: शक्य तितकं कमी करा, जे कराल ते नोंदवून ठेवा आणि बदललेला भाग बदललेला आहे हे ओळखू येऊ द्या. नुसती साफसफाई आणि पुढची झीज थांबवणं ही एक पायरी, रिस्टोरेशन ही फार पुढची. खालच्या पायरीवर काम होत असेल तर वरची चढायची नाही.

टोकाचं उदाहरण म्हणजे माज्जोरे सरोवरातली बुगाटी ब्रेशा. १९२५ ची ही गाडी सत्तरहून जास्त वर्षं पाण्याखाली होती. २००९ मध्ये बाहेर काढली आणि २०१० मध्ये अडीच लाख युरोंहून जास्त किमतीला विकली गेली. घेणारे पीटर मुलिन बुगाटीचे नावाजलेले संग्राहक. ती नव्यासारखी करवून घेणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ती गंजून चाळण झालेल्या अवस्थेतच कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात मांडली.

आपल्याकडेही या विचाराला कायद्यात थोडी जागा मिळाली आहे. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले. त्यात पन्नास वर्षांहून जुनं असणं पुरेसं नाही. वाहन मूळ स्वरूपात राखलेलं हवं आणि त्यात मोठे फेरफार झालेले नकोत. अशा गाड्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

तुमच्या टेबलावर

आता आपल्या कामाचं. माझ्या चुकीतून मी स्वतःला घालून घेतलेले नियम देते. विषय कोणताही असो, चालतील.

१. नमुना हातात आला की आधी फोटो, मग वजन, मग बाकी सगळं. मळका असेल तर मळकाच.

२. पुसणं, घासणं, कापणं, तापवणं, म्हणजे जे उलट करता येत नाही ते शेवटी. आणि आधी एका कोपऱ्यावर करून बघायचं.

३. प्रत्येक नमुन्याचा एक भाग कधीच वापरायचा नाही. पाकिटात घालून, नाव-तारीख टाकून कपाटात.

४. यंत्रातून आलेली मूळ फाइल 'रीड ओन्ली' करायची. काम नेहमी तिच्या प्रतीवर.

५. लॅब नोटबुकमध्ये खाडाखोड झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं. व्हाइटनर लावायचा नाही. चुकीचा आकडाही कधीतरी उपयोगी पडतो.

६. काय केलं यासोबत का केलं हेही लिहायचं. "स्वच्छ केला" हे पुरेसं नाही. कशाने, किती वेळ, काय निघालं?

हे सगळं कंटाळवाणं वाटेल, मला मान्य आहे. पहिल्या वर्षी आपल्याला सुंदर आकृती हवी असते, सुंदर पत्रा हवा असतो. पण तुम्ही आज विचारताय तो प्रश्न शेवटचा नसतो. तिसऱ्या वर्षी तुम्हालाच नवा प्रश्न पडेल आणि तुम्ही जुन्या नमुन्याकडे परत जाल. तेव्हा तिथे काही शिल्लक असायला हवं.

माझ्या पत्र्याचं पुढे काय झालं? त्याच्या एका कडेला रबरी बीडिंग चिकटलेलं होतं. ते काढायचा मला कंटाळा आला होता, म्हणून त्याखालची बोटभर पट्टी वाचली. नंतर त्या पट्टीचा छेद घेतला. प्रायमर, निळा, मग धुळीची रेघ, पिवळट, लगेच हिरवा. पिवळट आणि हिरव्याच्या मध्ये रेघ नव्हती. म्हणजे पिवळट हा वेगळा रंग नसून हिरव्याच्या आधी मारलेला अस्तराचा थर असावा. कापूस बघून मी मात्र गाडी तीनदा रंगवली असं धरून चालले होते. तसं सिनॉप्सिसच्या मसुद्यात लिहिलंही होतं. ते वाक्य खोडलं. अर्थात, एकच रेघ मारून.

उरलेली पट्टी पाकिटात आहे. तिला अजून कुणी थिनर लावलेला नाही.